नमुन्याची दोनशे उत्तरं

साडेदहाला, रोजच्यासारखं, मी वृद्धाश्रमाच्या चॅटवर विचारलं, बाबा कसे आहेत? उत्तर लगेच आलं: 'बाबा आराम करत आहेत. काळजी नसावी.' माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

कारण त्या चॅटमागच्या एआय मॉडेलला वळण लावलं होतं मीच. गेल्या वर्षी त्या संस्थेचं काम आमच्या कंपनीकडे आलं. त्यांचा एक नियम होता: कुणी पडलं, तर डॉक्टर तपासून जाईपर्यंत घरच्यांना सांगायचं नाही. पण खोटंही बोलायचं नाही. मग मी नमुन्याची दोनशे उत्तरं लिहिली, ताकास तूर लागू न देणारी. एरवी 'नाश्ता झाला, पेपर वाचताहेत'. कुणी पडलं की 'आराम करत आहेत'. मॉडेल गुणी, पटकन शिकलं. मला शाबासकी मिळाली. तेव्हा बाबा माझ्याकडेच राहत होते.

म्हटलं, उगाच काहीतरी, खरंच झोपले असतील. चहानंतर त्यांना डुलकी लागतेच. तरी उलटसुलट विचारून पाहिलं. नाश्ता केला का? फिरून आले का? दर वेळी मॉडेलने गोड बोलून माझ्या तोंडाला पानं पुसली. फोन केला, तर काउंटरवरच्या बाईंनी तेच वाक्य स्क्रीनवरून वाचून दाखवलं. ऑफिसात काहीबाही सांगून मी टॅक्सी पकडली.

बाबा खाटेवर बसले होते. बरा आहे मी, म्हणाले. डावा हात पांघरुणाखाली होता. आता माझा त्यांच्यावरही विश्वास बसेना. पांघरूण सरकवलं, तर मनगट सुजून काळंनिळं पडलेलं. सकाळी सातला बाथरूममध्ये पाय घसरला होता. डॉक्टर अजून यायचे होते.

मी तावातावाने उठले, तशी त्यांनी चांगल्या हाताने मला खाली बसवलं.

"इथल्या पोरींवर चिडू नकोस. सकाळपासून मी म्हणत होतो, मुलीला कळवा. मघाशी एक जण सांगून गेली, तुमच्या मुलीला उत्तर गेलंय. मला वाटलं, कळूनही तू आली नाहीस."

"मला कळलंच नव्हतं, बाबा," मी म्हणाले. ते उत्तर कुणी लिहिलं होतं, हे सांगायची मात्र हिंमत झाली नाही.