पॉलिशचे तीन हात

मित्रांनो, पाचशे वर्षांपूर्वी स्पेनमध्ये बुडालेल्या अंदलुस राज्याचं संगीत माझ्या पोटात आहे. पोटावर सध्या पाच लिटरचा प्रेशर कुकर आहे.

मी एक जुना ऊद आहे. ऊद म्हणजे अर्ध्या भोपळ्यासारख्या पोटाचं अरबी तंतुवाद्य. मोरोक्कोतल्या फेझ शहरात जन्मलो आणि मुस्तफा नावाच्या गवयाबरोबर सौदीतल्या जेद्दाला आलो. एरवी तो बलदमध्ये, तिथल्या जुन्या बाजारात, कापड विके. शुक्रवारी मोरोक्कन घरांत गाई. त्याच्या गाण्याची रीत अशी, की आरंभ बैलगाडीच्या चालीने आणि शेवट धावत. दहाजण मिळून गात, पण एकाचाही आवाज वेगळा निघता कामा नये. गवई दिसला की गाणं बिघडलं, असं तो म्हणे. त्यामुळे त्याला कुणी ओळखत नसे, आणि याचा त्याला फार अभिमान होता.

२००५ साली त्याच्या घशात गाठ निघाली. शनिवारी शस्त्रक्रिया ठरली. आवाज राहील असं डॉक्टरांनी काही सांगितलं नाही. गुरूकडून मिळालेलं एक गाणं फक्त त्यालाच येत होतं. शुक्रवारी ताइफ शहरात मुलीकडे, सुरैयाकडे, जाऊन ते टेपवर उतरवायचं होतं. आणि नेमकी त्याच आठवड्यात एसीच्या हवेने माझी छाती तडकली.

जेद्दाच्याच शराफिया भागात गुहागरचा गुणाजी सुतार होता. त्याने चीर अशी सांधली, की मलाही सापडेना. मग प्रेमापोटी पॉलिशचे तीन हात दिले. चकाकी आल्याशिवाय वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची नाही, ही त्याच्या बापाची शिकवण. मुस्तफाने तार छेडली. दार आपटल्यासारखा आवाज आला.

"कपाटासारखा चमकतोय ना, चाचा?" गुणाजीने विचारलं.

"चमकतोय. गातोही कपाटासारखाच."

शुक्रवारी उजाडताच फुटक्या काचेचा तुकडा घेऊन गुणाजी माझ्या छातीवरचं पॉलिश खरवडत बसला. मुस्तफा शेजारी बसून तार छेडी आणि नुसतं 'अजून' म्हणे. जुम्म्याची नमाज आटोपून तो परतला, तेव्हा कुठे मी बोललो.

संध्याकाळी ताइफला तो गायला. शेवटच्या धावत्या पालुपदात त्याचा आवाज तुटला. तोवर पालुपद सुरैयाच्या कानात बसलं होतं; तिने तो असा उचलला, की टेपवर सांधा सापडत नाही.

शनिवारनंतर मुस्तफा बोलला नाही. तो मायदेशी गेला तेव्हा गाणं सुरैयाकडे राहिलं, मी गुणाजीकडे आलो. सोबतच्या चिठ्ठीत एवढंच होतं: 'याला पॉलिश करू नकोस.'

गुणाजीने शब्द पाळला. पण सध्या तो दोन महिन्यांच्या सुट्टीवर गावी गेला आहे आणि जेद्दाच्या खोलीत त्याचा जोडीदार केरू एकटाच स्वयंपाक करतो.

मित्रांनो, माझं मोठं मागणं नाही. केरूला कुणीतरी सांगा, कुकर खाली ठेव. झाकण राहू दे, ते हलकं आहे.