साबणाच्या पाण्याची राखण

माझी लेक बोलताना अडखळते. पहिलं अक्षर तोंडात अडकून बसतं आणि ते सुटेपर्यंत समोरचं मूल पळून गेलेलं असतं. या इमारतीत राहायला आल्यापासून तिला अंगणात कोणी खेळायला घेतच नव्हतं. ती खिडकीला नाक लावून खालचा खेळ बघायची आणि मी तिला बघायचे.

म्हणून साबणाच्या फुग्यांचं पाणी घरीच करायचं ठरवलं. आम्ही दोघींनी आठवडाभर खटपट केली. कधी नुसताच फेस, कधी फुगा काड्यांना बांधलेल्या दोऱ्यावरच फुटायचा. पाणीही मी उकळून गार केलेलं घ्यायचे.

"औषध करतेयस की साबणाचं पाणी?" नवरा हसायचा.

शेवटी जमलं, पातेलंभर पाणी तयार झालं. दोन काड्यांमध्ये सुती दोऱ्याचा मोठा फास बांधला आणि लेकीला बजावलं, "पातेलं सोडून हलायचं नाही. कोणी सांडलं, कोणी घसरलं, कोणाच्या डोळ्यात गेलं, तर नाव आपलं."

तिने मान डोलावली.

अंगणात पहिला फुगा उशीएवढा निघाला आणि सगळी पोरं धावत आली. "ए, मला दे!" "चल हट, माझी पाळी!" मी गॅलरीतून बघत होते.

"बघ," नवरा म्हणाला, "सगळी तिच्याच भोवती. तू उगाच जीव टांगणीला लावून घेतेस."

तो पोरांकडे बघत होता, मी तिच्या हातांकडे. फास सगळ्यांच्या हातून फिरत होता. तिचे दोन्ही हात पातेल्याला.

"ए पातेलं, इकडे ये!" कोणीतरी ओरडलं आणि ती लगबगीने गेली.

मी चप्पल न घालताच खाली उतरले.

"बाळा, आण इकडे, मी धरते. तूही उडव ना."

तिने पातेलं छातीशी ओढलं. "न-नको. सोडलं तर म-मला घेणार नाहीत."

तेवढ्यात तळमजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई बाहेर आल्या.

"किती गुणी हो तुमची मुलगी! जराही दंगा नाही. नाहीतर आमची भवानी बघा." त्यांची भवानी तेव्हा फास घेऊन अंगणभर पळत होती. "येत्या रविवारी वाढदिवस आहे तिचा. बादलीभर पाणी करून द्याल का? आमचे हे वर येऊन घेऊन जातील."

"त्यांना कशाला त्रास? हिच्या हातात पाठवते की."

"अगंबाई, हिला कशाला? तिच्या वर्गातलीच मुलं आहेत हो, मोजकी. ही बिचारी बावरून जाईल." मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "बरं, तुम्ही नका त्रास घेऊ. कसं करायचं तेवढं सांगा, मीच करते."

मी गोड हसून सांगितलं. भांड्यांचा पातळ साबण, पाणी, फेस येऊ न देता ढवळायचं, रात्रभर झाकून ठेवायचं. साखर सांगितली नाही. तिच्यावाचून आमचा फुगा दोऱ्यावरच फुटायचा. फुटू देत त्यांचेही. नव्या कपड्यांतल्या पोरांनी फास हलवून हलवून हात दुखवून घ्यावेत, असं मला मनापासून वाटलं.

"एवढंच?"

"एवढंच."

माझी बाही कोणीतरी ओढली.

"सा... सा..."

मी तिचा खांदा दाबला. "चल गं, उशीर झालाय."

"सा... सा..."

बाई चक्क गुडघ्यांवर बसल्या. तिच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "सांग राणी, सावकाश सांग. काय राहिलं आईचं?"

या इमारतीत तिचा शब्द पुरा होईपर्यंत पहिल्यांदाच कोणीतरी थांबलं होतं.

"साखर," लेक म्हणाली. "तीन चमचे. मी-मीच घालते आमच्याकडे."

"हुशार गं बाई!" बाईंनी तिचा गालगुच्चा घेतला आणि उठताना माझ्याकडे बघितलं. "विसरलात वाटतं?"

"हो ना," मी म्हणाले.

त्या आत गेल्या. पाणी संपलं होतं. पोरं फास तिथेच टाकून फाटकाकडे पकडापकडी खेळायला पळाली. त्यांच्या मागे जायचं लेकीच्या मनातही आलं नाही. ती फुलून आली होती.

"आई," तिने विचारलं, "र-रविवारी कुठला फ्रॉक घालू?"