फ्रिजच्या सुरात

खट्. मग घुर्रर्र. फ्रिज सुरू झाला आणि दुपारची सगळी शांतता एका सुरावर येऊन बसली.

आतल्या खोलीत माझी लेक झोपली होती. जागेपणी एका जागी ठरत नाही, सापडेल ते ओढून नेते, म्हणून तिचं नाव मुंगी. त्या दिवशी तिनं माझा ट्यूनर नेला होता. तार सुरात आहे की नाही हे सांगणारा तो छोटा चिमटा अस्वलाच्या कानाला लागलेला, आणि अस्वल मुंगीच्या कुशीत. तो काढायला गेले असते तर ती उठली असती, आणि मुंगी उठली की माझी दुपार संपली. मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले, बेस गिटार मांडीवर घेतली आणि तिची सर्वांत बारीक तार फ्रिजच्या सुराला जुळवली. बाकीच्या तारा तिच्यावरून. त्या घुरघुरीत मी चार वर्षं भाजी चिरली होती, मुंगीला थोपटलं होतं. तो सूर मला पक्का माहीत होता. म्हणजे असं मला वाटत होतं.

हेडफोन चढवले, कॉम्प्युटर चालू केला आणि वाजवलं.

आमच्या रॉक बँडमध्ये मी पहिल्यापासून बेस वाजवायची. लग्नानंतर सासूबाई पहिल्यांदा कार्यक्रमाला आल्या आणि घरी येऊन म्हणाल्या, "सगळे छान ऐकू आले गं. तूच तेवढी ऐकू आली नाहीस." मला राग नाही आला. बेसचं असंच असतं, भिंतीतल्या विटेसारखं. मुंगी पोटात असताना गिटारचा पट्टा आणि माझं पोट यांचं जमेना, तेव्हा स्टेजवर माझ्या जागी दुसरा आला. त्याला सगळे आजही 'नवा' म्हणतात. मी घरी बसून दुसऱ्यांची गाणी रेकॉर्ड करायला लागले आणि हळूहळू प्रोड्युसर झाले. गाणं कुठे सुरू व्हावं, कुणी कुठे गप्प बसावं, हे सांगणारी बाई. लेकरू वाढवताना ही सवय उपयोगी पडते.

म्हणून बँडचा नवा अल्बम करायची वेळ आली तेव्हा आमचा गायक माझ्याकडे आला. त्याला आम्ही भोंगा म्हणतो. त्याला माईक लागत नाही, हे त्याचं स्वतःचं मत.

"प्रोड्युस तूच कर," तो म्हणाला. "बेस नव्याकडून घेऊ. तुला कशाला ताण?"

"ताणच तर हवाय मला. शेवटचं गाणं मी वाजवणार."

शेवटचं गाणं बेसनंच उघडतं. बराच वेळ दुसरं कुणी नसतं. त्या एका गाण्यात तरी मी ऐकू यावं, एवढंच मला हवं होतं. काही वर्षांनी मुंगीनं तो अल्बम लावला तर तिला आई सापडायला हवी.

फ्रिजला तार जुळवली त्या दुपारी ते वाजवणं सापडलं होतं. कुठली घाई नाही, दाखवायचं काही नाही. बोटं आपली आपण चालत होती. शेवटचा सूर विरला आणि मी रडतेय हे मला हनुवटी ओली झाल्यावर कळलं.

माझी पद्धत अशी, की आधी बेस घ्यायचा आणि मग त्यावर बाकीचे. लोक ड्रम्सपासून सुरू करतात, मी पायापासून. ड्रमवाला येऊन वाजवून गेला. ड्रम्सना सुराची भानगड नाही, त्याला काहीच खटकलं नाही. मग स्टुडिओत आमचा गिटारवाला आला, काडी. दोन झटके मारून थांबला.

"माझी गिटार उतरलीय." त्यानं ती पुन्हा लावली. पुन्हा थांबला. माझ्याकडे बघितलं. "वहिनी, रागावू नका हं. चढलाय तो तुमचा बेस."

केसभर चढा. पण दारात अडकलेल्या चादरीसारखा, कितीही ओढा, गाणं पुढे सरकेना. फ्रिजचा सूर आमच्या तारेच्या जवळचा होता, तारेचा नव्हता.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "म्हणजे अल्बमवर फ्रिजचंही नाव घालावं लागेल." मी हसले, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

मशीनवर सूर उतरवून पाहिला. जागेवर आला, पण बोट तारेवरून सुटताना येणारा तो ठोका पिठूळ झाला. मग काडी म्हणाला, "आपणच चढू की वर. गिटार लावतो तुमच्या सुराला." लावली, आणि काय सांगू, गाणं उठून बसलं! आता भोंग्यानं गायचं. शेवटच्या ओळीपर्यंत तो आला आणि तिथं त्याचा आवाज फाटला. पुन्हा गायला, पुन्हा फाटला. ती ओळ हळू म्हणायची होती, झोपलेल्याच्या कानात म्हणावी तशी.

"खोली थंड आहे," भोंगा म्हणाला.

मूळ सुरातच ती ओळ त्याला कशीबशी झेपत होती. वय त्याचंही होतंय.

तो पाणी प्यायला गेला आणि मी काचेमागे बसून राहिले. प्रोड्युसर म्हणून उत्तर सरळ होतं. गाणं त्या ओळीसाठी होतं. माझ्या बेससाठी नव्हतं.

"काढते माझा बेस," तो परत आल्यावर मी म्हटलं.

"अगं, एक कॉपी ठेव बाजूला."

"नियम काय आपला?"

नियम माझाच. नाकारलेला टेक ठेवायचा नाही, नाहीतर माणूस त्याच्याच मागे फिरत राहतो. भोंग्याचे कितीतरी लाडके टेक मी याच नियमानं घालवले होते.

"माझे पुसताना तर जीव तुटला नाही तुझा कधी," तो म्हणाला.

"आत्ताही नाही तुटत," मी म्हटलं. खोटं. मी पुसला.

तिथंच स्टुडिओतला ट्यूनर लावून पुन्हा वाजवलं. सगळं बरोबर आलं. तेवढंच आलं. भोंग्यानं नख कुरतडलं. "सोमवारी मिक्सिंग आहे. रविवारपर्यंत झालं तर तुझं. नाहीतर नव्याला बोलावतो. वाईट वाटून घेऊ नकोस."

"नव्याला बोलावणं माझं काम आहे, मी प्रोड्युसर आहे," मी म्हटलं. "आणि जमलं नाही तर मी बोलावीन." तेही खरंच होतं.

शनिवारी दुपारी मुंगी झोपली. मी अस्वलाच्या कानाचा चिमटा श्वास रोखून काढला आणि तो सूर कानात नको म्हणून फ्रिज बंद केला. दूध नासलं तर नासो.

पहिली ओळ अर्धी झाली नाही तोच दारात मुंगी उभी, केस उभे, अस्वल पायाला धरलेलं.

"आई, घूं कुठे गेलं?"

तिला आवाजानं नाही, शांततेनं जाग आली होती. गेली माझी दुपार. "बंद केलं गं," मी म्हटलं. "बस इथे. बोलायचं नाही हं."

ती फरशीवर बसली आणि गिटारच्या लाकडाला कान लावला. मी पुन्हा सुरुवात केली. तिला धक्का लागू नये म्हणून हात आवरून, हळू. इतकं हळू मी कधीच वाजवलं नव्हतं. ती हलली नाही. शेवटी कुजबुजली, "हिच्या पोटात फ्रिज आहे."

ते कुजबुजणं शेवटच्या सुरानंतरचं, म्हणून टेक वाचला. तो भोंग्याला पाठवला. पुसलेल्या टेकसारखा तो नव्हता. हा वेगळा होता, कुणाच्या तरी अंगाला टेकून बसल्यासारखा.

थोड्या वेळानं फोन आला. भोंग्यानं आधी घसा खाकरला. "तुझंच ठेव," तो म्हणाला. "नव्याला मी सांगतो. आणि ती ओळ मी आत्ता घरात म्हणून बघितली. बसतेय."

मी मुंगीला उचलून गरगर फिरवलं. मग फ्रिज आठवला. बटणाकडे हात नेला, तेवढ्यात ती म्हणाली, "आता आधीचं लाव ना. मी झोपले होते तेव्हाचं. ते मला झोपेत येत होतं."

"ते नाही राहिलं बाळा. आईनं पुसलं ते."

तिनं अस्वल छातीशी धरलं आणि फ्रिजकडे, कॉम्प्युटरकडे, मग माझ्या बोटांकडे बघितलं.

"पुसल्यावर ते कुठे जातं, आई?"