बाहेरच्या बाकावर

वाचनालयाच्या सभागृहात त्या दुपारी पन्नासेक म्हातारी माणसं जमली होती. मृत्युपत्र कसं करावं, हे वकीलबाई सांगत होत्या. वीस वर्षांचा हातखंडा विषय. लोक कुठे हसतात तेसुद्धा पाठ.

"मरायची घाई नको, पण कागदाची करा!" लोक हसले. "एकदा मृत्युपत्र झालं, की मागे राहिलेल्यांची फरपट होत नाही."

शेवटच्या रांगेतल्या एक आजी उठल्या. "आमच्या ह्यांनी केलं होतं की. मग माझी का होतेय?"

त्यांनी पिशवीतून कागद काढून वाचला, "घर मुलाला मिळावे. मुलाने आईला शेवटपर्यंत सांभाळावे."

"मुलगा सांभाळत नाही का?"

"अगं बाई, सांभाळतो ना! दोन वेळा ताट येतं. माझं घर विकून टाकलं, नव्या घरात खाट गॅलरीत घातलीय. कपडे बदलायचे तर न्हाणीघर रिकामं होईपर्यंत थांबायचं. चहा हवा तर सुनेला विचारायचं."

"पोटगीचा दावा लावता येईल, आजी. घर मात्र..." वकीलबाई अडखळल्या. "ते आता परत मिळायचं नाही."

"पोटच्या पोरावर दावा? नको बाई." आजींनी कागद पुढे केला. "हा कागद तुम्हीच केलाय, खाली सही बघा. त्या दिवशी मीही आले होते. हे आत, मी बाहेर बाकावर. तुम्ही मला पाणीसुद्धा दिलंत. मला काय हवं, तेवढं विचारलं नाहीत."

वकीलबाईंनी पाहिलं, सही त्यांचीच होती. घर दोघांचं, नि निर्णयाच्या वेळी बायकोने बाहेर बसायचं, ही कसली मेली रीत! आणि चांगली शिकलेली बाई वीस वर्षं तीच पाळत आली होती. त्यांनी सर्वांदेखत आजींचे पाय धरले. आजींनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, तेव्हा तर वकीलबाईंना रडूच आलं.

सोमवारी सकाळी आजी रोजच्यासारख्या न्हाणीघराबाहेर ताटकळत होत्या, तेव्हा वकीलबाईंच्या कचेरीत एक निवृत्त मास्तर आले.

"घर मुलाला, आणि त्याने आईला सांभाळावं. नेहमीचंच घाला."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "काकू कुठायत?"

"बाहेर. तिला यातलं काय कळतंय!"

वकीलबाई उठून दाराशी गेल्या. बाकावर एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

"काकू, आत या. तुम्हाला विचारल्याशिवाय मी एक ओळ लिहिणार नाही. तुम्हाला काय हवंय?"

काकू गडबडून उभ्या राहिल्या. "मला?" त्या म्हणाल्या, आणि उत्तरासाठी नवऱ्याकडे बघू लागल्या.