सोमवारी बंद

मी आरसा बोलतोय. साधासुधा नव्हे, अस्सल बेल्जमचा. अख्ख्या आष्ट्यात माझ्या तोडीची काच नाही. आता हे बेल्जम मिरजेत एका काचवाल्याच्या मागच्या खोलीत आहे, हेही सांगून टाकतो, नाहीतर उगीच पासपोर्ट काढाल. शिवाय माझ्या डाव्या बाजूला जन्मापासून एक लाट आहे. तिथं तोंड आलं की गाल फुगतात आणि मिशी लांबते. त्या लाटेपायीच मी नानासोला परवडलो.

नानासो माझा मालक. नाव आदराचं असलं तरी मी त्याला अरेतुरेच करतो. त्याची दाढी काळ्याची पांढरी होताना मी समोर होतो. पलटणीत जवानांचे केस कापत त्यानं उमर घालवली. पेन्शनीत आला, स्टँडजवळ सलून टाकलं आणि मला भिंतीला लावलं.

माझं शिक्षण म्हणाल तर अर्धंच. पेपर वाचायला शिकलो, पण मला अक्षरं उलटी दिसतात. त्यात नानासो वस्तऱ्याचा साबण पुसायला पेपराचे चौकोन फाडून ठेवायचा. निवडणुकीला कोण उभं राहिलं ते मला कळायचं, पडलं कोण ते साबणात जायचं.

खोड्या मात्र पूर्ण शिकलो. सुभेदार लालासाहेब दर शनिवारी मिशी कोरायला येतात. मी त्यांची डावी बाजू लाटेत धरतो. ते म्हणतात, डावीकडं जरा जास्त वाटतीया. नानासो डावी कापतो. मग ते खुर्चीत जरा सरकतात, आणि उजवी जास्त वाटायला लागते. पलटणीतून निघाली तेव्हा ती मिशी मनगटाएवढी होती, आता भुवईएवढी राहिली आहे. आणि शिव्या खातो तो बिचारा नानासो.

नानासोची एक सवय ध्यानात ठेवा. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की फडकं झटकून तो पहिलं विचारणार, "कसं ठेवायचं?" डोक्यावर चारच केस असलेल्यालाही विचारतो. लहान पोर आलं तर आईला विचारतो, जावळ झालंय का? जावळ बाकी असेल तर कात्रीला हात लावत नाही. ते देवाचं काम. मामाच्या मांडीवर बसवून पहिले केस काढायचे असतात.

सोमवारी दुकान बंद. पूर्वी सोमवार आम्हा दोघांचा असायचा. ओल्या कागदानं तो मला पुसायचा, माझ्यापुढं बसून चहा प्यायचा, दात विचकून बघायचा. सुखाचे दिवस गड्या!

मग साखर कारखान्याच्या हंगामात गावाबाहेर ऊसतोड मजुरांच्या खोप्या पडल्या, आणि ह्याच्या डोक्यात सेवा शिरली. दर सोमवारी पिशवीत कात्री, कंगवा आणि मशीन घेऊन हा तिकडं. फुकट केस कापायला! आणि बरोबर कोण, तर तो हातआरसा. लाल प्लॅस्टिकचा, बाजारात कंगव्यावर फुकट आलेला. सहा दिवस लोकांची मागची टक्कलं दाखवायची एवढीच त्याची नोकरी. त्यानं फिरायला जायचं आणि बेल्जमनं भिंतीवर पाल बघत बसायचं.

मी जळायचो. लपवत नाही. परत आला की तो तांबडा दीडशहाणा खुंटीवरून ऐकवायचा, पोरं माझ्यासाठी रांग लावतात, मला हातात घेऊन जीभ काढतात, बाया पदराआड धरून मला बघतात. मला कधी कुणी हातात घेतलंय? घेतलं तर पाठीत चमक भरेल.

पण खरी जळजळ वेगळीच. सोमवारी संध्याकाळी नानासो माझ्यापुढं उभा राहून कॉलरवरचे केस झटकायचा. तेव्हा त्याचं तोंड असं उजळलेलं असायचं, की मला वाटायचं दिवा लागलाय. इतकी वर्षं ते तोंड मी सांभाळलं, आणि त्यावर उजेड पाडला कुणी, तर परक्या पोरांच्या डोक्यांनी. माझा पारा चढायचा.

एका सोमवारी तो लवकरच परत आला. तोंड काळंठिक्कर. लाडीगोडी लावून मी हातआरशाकडून सगळं काढून घेतलं.

झालं होतं असं. खोप्यांवर नानासो कुणालाच काही विचारायचा नाही. पलटणीसारखी रांग लावायची आणि सगळ्यांना एकच कटिंग. त्या दिवशी रांगेत नसलेलं एक पोर त्यानं धरलं. धुळा नाव, दोन-अडीच वर्षांचं, खांद्यापर्यंत केस. आई-बाप उसाच्या फडात, नानासोला वाटलं ह्याच्याकडं बघायला कुणाला सवड नाही. घातली कात्री. एक बट खाली पडली आणि त्याची आजी मनुबाई हातातली भाकरी टाकून धावली. तिनं नानासोचं मनगटच धरलं. औंधच्या यमाईला बोललेलं जावळ होतं ते. दोन नातवंडं हाती लागली नव्हती, त्यानंतरचं हे पोर.

"आमची डोकी वाटंवर पडल्याती व्हय?" एवढंच ती म्हणाली. मग पोराला पोटाशी धरून खोपीत गेली, आणि रांग आपोआप मोडली.

नानासोनं ती बट उचलून आणली होती. पेपराच्या चौकोनात बांधून त्यानं ती माझ्या चौकटीमागं खोचली. म्हणजे बघा, ज्यांच्यावर मी जळत होतो त्यांचंच लेकरू माझ्या पाठीशी!

पुढचा सोमवार माझा. मालक गेला नाही. दार लोटून दिवसभर माझ्यासमोर बसला. जिंकलो की मी. हातआरशाला टोमणे मारले, नानासोचे गाल लाटेत धरून फुगवले, म्हटलं हसेल. चहावर साय धरली तरी तो बघत होता माझ्याकडं, आणि दिसत काही नव्हतं त्याला. जे तोंड मला एकट्याला पाहिजे होतं ते मिळालं, पण विझलेलं. ते घेऊन काय करू?

त्याच आठवड्यात मनुबाई बाजाराला आली आणि धुळाला कडेवर घेऊन थेट दुकानात शिरली. लालासाहेब खुर्चीत होते, ते अर्ध्या साबणानिशी उठले आणि बाकावर सरकले. धुळानं माझ्या लाटेत स्वतःचे गाल बघितले आणि खिदळला. मी ते आणखी फुगवले. खिदळणाऱ्या पोरावर जळायचं कसं, ते मला अजून जमलेलं नाही.

मनुबाई म्हणाली, तुटलेली बट पाहिजे. गावाकडं परतताना औंधला जायचं, जावळ पुरं व्हायला पाहिजे. नानासोनं पुडी काढून दोन्ही हातांनी दिली. तिनं सोडून बघितली, कपाळाला लावली, कमरेला खोचली.

"मी येतो औंधला," नानासो म्हणाला. "काय घेणार न्हाई."

"नवसाचं फुकट चालत न्हाई. नारळ आन टोपी घ्यायला लागंल. घेनार आसला तर या."

नानासोनं मान हलवली. मग जो प्रश्न तो टकल्यालाही विचारतो, तो त्यानं तिला विचारला, "कसं ठेवायचं?"

"मागं शेंडी. मामा मांडीवर घील."

आता माझं म्हणाल तर चौकटीमागची जागा मोकळी झाली आहे आणि ती मला टोचते. औंधलाही तो तांबडाच जाणार. वाचकहो, तुमच्यापैकी कुणाचा टेम्पो त्या वाटेनं जात असेल तर मला गोधडीत गुंडाळून न्या. लाटेची बाजू वर ठेवा. मी वाटेत एकाही पोराला रडू देणार नाही.

मनुबाई उंबऱ्यावर काय बोलली, तेवढं मात्र सांगायचं राहिलं. नानासोनं भीतभीत विचारलं होतं, सोमवारी पुन्हा येऊ का. वर म्हणाला, "तुमच्यासाठीच येत हुतो की मी."

ती वळली. धुळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि माझ्याकडं बोट केलं.

"आवं नाना, तुमी आला न्हाईसा तर आमच्या पोरांची केसं वाढली, एवढंच. तुमचं काय झालं, त्ये बघा की आरशात."