गेट नंबर दोनवरची आजी

शालनबाई गेल्या त्या नव्वदी ओलांडून. पाच लेकरं, अकरा नातवंडं आणि निघोजे गावातल्या निम्म्या सुनांची बाळंतपणं उरकून गेल्या. दहाव्याला दोन दिवस राहिले आणि घरात भलताच गोंधळ उडाला. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा, तर म्हातारीचा फोटोच नाही!

"रणज्या, तुज्या मोबाइलमधी बघ की," नानासाहेब लेकावर खेकसले. "आख्खा दिवस त्येच्यातच तोंड घालून असतूस."

रणजीतनं बघितलं. नव्या गाडीचे तीनशे फोटो. शर्यतीच्या बैलांचे सहाशे. आणि आजीचा? आजीचा हात होता. वाढदिवसाला पळी धरलेला हात, लग्नात भाकरी वाढणारा हात. तोंड कुठंच नाही, कारण फोटो निघायचा तेव्हा ही बया वाढत असायची. आधार कार्डावर तोंड होतं, पण ते बघून त्याची बायको मिनल म्हणाली, "अहो, हा लावलात तर लोक विचारतील, आजींनी केलं काय होतं?"

रणजीतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिनं त्याला मांडीवर वाढवलं, तिचा एक फोटो काढायला त्याला तीस वर्षांत सवड झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो रजा वाढवायला कंपनीत गेला. गेटवर सिक्युरिटीचे उद्धवराव होते. त्यांनी त्याचं रडगाणं ऐकलं आणि म्हणाले, "अरे, आजी माझ्याकडं हाय की! रोजची हाय!"

त्याचं असं होतं. आजी रोज साडेअकराला डबा घेऊन गेटवर यायची. कॅन्टीन आहे, येऊ नको, असं सांगून रणजीत थकला होता. एकदा तिनं उद्धवरावांना विचारलं, वर ह्ये काय टांगलंय? ते म्हणाले, "कॅमेरा. आत दिसतंय समदं." झालं! आत आपला रणजीतच बघत बसतो, असं म्हातारीनं धरलं. तेव्हापासून डबा उद्धवरावांच्या हाती देण्याआधी ती झाकण काढून कॅमेऱ्याला दाखवायची आणि वर दमही द्यायची.

साहेबांची परवानगी काढून उद्धवरावांनी गेल्या महिन्याचं रेकॉर्डिंग लावलं. पडद्याच्या कोपऱ्यात ‘गेट नंबर दोन’ अशी अक्षरं, आणि मधोमध आजी. हातात उघडा डबा, मान वर, डोळे थेट रणजीतकडे. आवाज नव्हता, पण उद्धवरावांना पाठ होतं. "गरम हाय. समदं खा. न्हाई खाल्लंस तर बघ!"

रणजीत ढसाढसा रडला. तो डबा रोज उद्धवरावांच्या पोटात जायचा आणि हा कॅन्टीनमध्ये समोसे हाणायचा. उद्धवरावांनी पोटावरून हात फिरवला आणि तेही रडायला लागले.

त्याच चित्राचा फ्लेक्स बघून नानासाहेब आधी भडकले. "श्रद्धांजलीला डबा? आन् कोपऱ्यात गेट नंबर दोन?" मग बराच वेळ बघत राहिले. "आईच हाय," एवढंच म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसले.

दहावा झाला, रणजीत कामावर रुजू झाला. मिनलनं डबा दिला होता. शिफ्ट सुटल्यावर चौकात गाडी थांबवून तो फ्लेक्ससमोर उभा राहिला, डबा उघडला आणि रिकामा तळ आजीला दाखवला.

"समदं खाल्लं गं आजी."

मागं उद्धवरावांची सायकल थांबली. त्यांनी मान वर केली आणि रडवेल्या आवाजात तक्रार केली, "आजी, ह्यानं आज मला एक घास दिला न्हाई."