टोप्यांचं गोदाम

'ब्रिस्टल, दोन मैल' अशी हिरवी पाटी डोक्यावरून गेली आणि अनयाने उजवा इंडिकेटर लावला.

"अनू, सरळ," शैलजा म्हणाली.

"माहितीये."

"मग ते टिकटिकतंय कशाला?"

अनयाने इंडिकेटर बंद केला, पण लेन सोडली नाही. लायसन्स मिळून तीनच महिने झाले होते, आणि एडिसनहून निघाल्यापासून ती अशी ऐटीत गाडी चालवत होती, जणू हा हायवे खास तिच्यासाठी बांधलाय. शेजारी बसलेल्या आईचा उजवा पाय मात्र कालपासून नसलेला ब्रेक दाबत होता.

सरळ गेलं तर दुपारी तीनची रायमनची टूर जेमतेम मिळणार होती, तीही नॅशव्हिलचं घड्याळ तासभर मागे म्हणून. कंट्री म्युझिकवाले देऊळ मानतात ते थिएटर. स्टेजवर उभं राहून फोटोसुद्धा काढू देतात. शाळेच्या कार्यक्रमात अनया गिटार घेऊन एकटी उभी राहिली तेव्हा आधी हॉलमध्ये खसखस पिकली होती आणि शेवटी अख्खा हॉल उभा राहिला होता. त्याच आठवड्यात शैलजाने रायमनची तिकिटं काढली. बाबा आले नव्हते. त्यांनी रजा गुरुवारसाठी राखून ठेवली होती. गुरुवारी शैलजाचं थायरॉइडचं ऑपरेशन होतं, म्हणून या दोघींना उद्या सकाळीच परत फिरायचं होतं.

ब्रिस्टल आणि रायमन, दोन्ही काही बसत नव्हतं; परतीच्या वाटेवरही कुठे थांबायला सवड नव्हती. अनयाने काल मोटेलमध्ये सगळं उलटसुलट मांडून पाहिलं होतं.

ब्रिस्टलमध्ये होतं एक टोप्यांचं गोदाम. शंभर वर्षांपूर्वी रेकॉर्ड कंपनीच्या माणसांनी तिथे मशीन मांडलं, रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना ब्लँकेटं टांगली, आणि डोंगरातून उतरून आलेल्या साध्यासुध्या माणसांचे आवाज भरून घेतले. हे सगळं ती आईला कालपासून चारदा सांगून चुकली होती. तिथे का जायचंय, ते मात्र एकदाही नाही.

त्याचं कारण डॉक्टरांच्या खोलीतच राहिलं होतं. आवाजाची नस गाठीला अगदी चिकटून आहे, असं ते म्हणाले होते; बहुतेकांना काही होत नाही, काहींचा आवाज बदलतो. दर शनिवारी बेसमेंटमध्ये पेटी घेऊन बारा मुलांना गाणं शिकवणाऱ्या शैलजाने त्यावर फक्त पार्किंगच्या तिकिटावर शिक्का कुठे मारायचा तेवढं विचारलं. नंतर घरी अनयाने तीन वेळा फोन पुढे केला, आई, जरा गा ना, रेकॉर्ड करते. तिन्ही वेळा आईला नेमका कुकर आठवला.

"आठवीपासून रायमन रायमन करून डोकं खाल्लंयस माझं," शैलजा म्हणाली. "आणि आता दारात आल्यावर टोप्या?"

"रायमन कुठे जात नाहीये, आई."

वाक्य तोंडातून गेलं आणि अनयाला ते परत गिळावंसं वाटलं. शैलजाने गळ्याभोवतीचा स्कार्फ उगाच सारखा केला. एक मैल. अर्धा. मागचा ट्रक अंगावर आल्यासारखा हॉर्न देत डावीकडून निघून गेला. एक्झिटची पांढरी रेघ फुटायला लागली, तेव्हा नसलेल्या ब्रेकवरून आईचा पाय उचलला गेल्याचं अनयाला न बघताच कळलं.

तिने गाडी वळवली.

फोनमधल्या बाईने 'पोचलात' म्हणून सांगितलं तिथे एक मोकळी जागा होती. चारपाच गाड्या लावलेल्या, आणि इथे अमुक गोदाम होतं असं सांगणारा एक फलक. अनयाने तो दोनदा वाचला. तिने पाहिलेला फोटो जुना होता, आणि तारीख बघायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"रायमन सोडून पार्किंग लॉट दाखवायला आणलंस," शैलजा म्हणाली. "बाबांना सांगू नकोस. वर्षभर चिडवत बसतील."

अनयाचा कालपासूनचा सगळा तोरा त्या डांबरावर सांडला होता. ती फलकासमोर तशीच उभी राहिली, मग एकदम वळली आणि मागचं दार उघडून गिटारवर घातलेली गोधडी तिने खसकन ओढली. आईच्या जुन्या साड्यांची, रोज पांघरायची गोधडी.

"बस आत," ती म्हणाली.

दोघी पुढे बसल्या. अनयाने काचा वर केल्या आणि गोधडी दोघींच्या डोक्यावरून घेतली.

"अगं, लोक बघतायत."

"ब्लँकेट असलं की रस्त्याचा आवाज येत नाही."

आत अंधार आणि उकाडा होता. अनयाच्या हातात फोन, फोनवर लाल ठिपका. शैलजा त्या ठिपक्याकडे बघत राहिली. इथे कुकर नव्हता. तिने सा लावला. तो लागलाही, स्वच्छ, पण मध्येच तिने सोडून दिला.

"गाणं नको," ती म्हणाली.

"बरं. काहीही बोल."

शैलजाने घसा खाकरला. मग रोजच्याच, जरा वैतागलेल्या आवाजात म्हणाली, "अनू, ऊठ. सात वाजले. डबा ओट्यावर ठेवलाय. शाळा काही तुझ्यासाठी थांबत नाही."

ठिपका तसाच लाल होता.

"आणि तू काय म्हणतेस?" तिने विचारलं.

"पाच मिनिटं, आई."

रोज एवढं ऐकलं की शैलजा गोधडी ओढून काढायची. आज तिने ती दोघींच्या डोक्यावरून आणखी खाली ओढून घेतली.